'वर्ड' आणि 'हर्ड' : इंग्रजीत यमक जुळले कधी म्हणायचे?

प्रश्न

इंग्रजी बोलायचा सराव करते आहे. स्वतःलाच धीर द्यायला छोटी, यमक जुळणारी इंग्रजी वाक्ये रचून वहीत लिहिते. त्यातली तीन :

कीप स्पीकिंग, कीप इम्प्रूव्हिंग.
टेक अ पेन अँड यू विल गेन.
वर्ड बाय वर्ड, यू विल बी हर्ड.

पहिली दोन मला जमल्यासारखी वाटतात. तिसऱ्याचा अर्थ आवडतो, एकेक शब्द जोडत गेलात की लोक तुमचे ऐकतील असा. पण एकाच्या शेवटी 'ओ-आर-डी' आणि दुसऱ्याच्या शेवटी 'ई-ए-आर-डी', म्हणून ते खोडले. मैत्रीण मात्र म्हणते की पहिल्या दोन्हींत यमकच नाही! शेवट तर सारखा आहे. मग चुकते कुठे? शिवाय अशा वाक्याला प्रोव्हर्ब म्हणायचे, सेइंग की स्लोगन?

उत्तर

मैत्रिणीचे बरोबर आहे. आणि तुम्ही खोडलेत तेच तिन्हींत सरस आहे.

घोळ आपल्या कानाचा आहे. मराठी कान शेवटचे अक्षर जुळले की खूश होतो. 'अति तेथे माती' म्हणताना कुणाला काही खटकत नाही, पण नीट बघा, जुळते फक्त 'ती'. 'असतील शिते तर जमतील भुते' यातही 'ते' एवढेच सारखे, त्याआधी एकीकडे 'शि' आणि दुसरीकडे 'भु'. आपल्याकडे हे खपते. क्रियापदांना आणि नामांना तेच ते प्रत्यय लागत असल्यामुळे असे यमक पावलोपावली सापडतेही.

इंग्रजी कान मागे जाऊन तपासतो. शब्दात ज्या अक्षरावर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, असतो, त्यातल्या स्वरापासून थेट शेवटापर्यंत सगळे ध्वनी सारखे हवेत. 'बर्ड्झ ऑफ अ फेदर फ्लॉक टुगेदर' घ्या. 'टुगेदर'मध्ये आघात 'गे'वर, तिथून पुढे 'एदर', 'फेदर'मध्येही 'एदर'. जुळले. तुमच्या 'स्पीकिंग'मध्ये आघात 'स्पी'वर आणि 'इम्प्रूव्हिंग'मध्ये 'प्रू'वर. तिथून मोजले तर 'ईकिंग' आणि 'ऊव्हिंग'. 'इंग' हा नुसता प्रत्यय, त्यावर यमक तोलत नाही. आपल्या 'गरज सरो, वैद्य मरो'मध्ये 'अरो' सबंध जुळते, ते इंग्रजी कसोटीलाही उतरेल.

दुसऱ्या वाक्यात देवनागरीने दगा दिला. आपण लेखणीही 'पेन' लिहितो आणि 'नो पेन, नो गेन'मधली वेदनाही 'पेन'च. इंग्रजीत हे दोन वेगळे स्वर आहेत. लेखणीतला 'ए' आखूड, चटकन संपणारा. वेदनेतला लांब, शेवटी 'इ'कडे घसरणारा. 'गेन'चे नाते त्या वेदनेशी, लेखणीशी नाही. मराठीत 'ए' असा दोन तऱ्हांचा नसल्यामुळे हा फरक कान लावून शिकावा लागतो.

'वर्ड' आणि 'हर्ड' मात्र पहिले व्यंजन सोडले तर तंतोतंत एक. स्पेलिंगकडे बघूच नका. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचे स्पेलिंग जुळते, उच्चार जुळत नाही.

आणखी एक मत

वरच्या उत्तरात थोडी भर. शब्दाच्या शेवटचा 'स' आणि 'झ' इंग्रजीत वेगळे धरतात. 'अर्ली टु बेड अँड अर्ली टु राइझ'च्या पुढे 'वाइझ' येते ते याच कारणाने, तिथे 'अॅडव्हाइस' बसवले तर लंगडते. 'यूझ इट ऑर लूझ इट'मध्येही दोन्हीकडे 'झ' आहे. त्याच 'यूझ'चे नाम केले की तो 'यूस' होतो आणि यमक जाते.

पण यमक पूर्णच हवे असेही नाही. 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' या म्हणीत 'म' आणि 'न' वेगळे, स्वर तेवढा एक. वेळीच घातलेल्या टाक्याने आठ किंवा दहा नाही, नेमके नऊच टाके का वाचतात? मला वाटते, 'नाइन' हे 'टाइम'च्या कानाजवळ आहे म्हणून. टॉमस फुलरच्या १७३२ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती आहे, तिथे मधे एक 'मे' आहे, नऊ वाचू 'शकतात' असा. पुढे तो गळाला.

म्हणी अशाच झिजतात. सफरचंदाची म्हण १८६६ मध्ये वेल्समधल्या पेंब्रोकशायरची म्हणून छापली गेली, तेव्हा ती अशी होती : 'ईट अॅन अॅपल ऑन गोइंग टु बेड, अँड यू'ल कीप द डॉक्टर फ्रॉम अर्निंग हिज ब्रेड'. 'बेड' आणि 'ब्रेड' छान जुळतात, पण दम लागतो. आज टिकली आहे ती 'अॅन अॅपल अ डे'वाली.

आता नावाचे. प्रोव्हर्ब म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेली म्हण, ती आज रचून आजच होत नाही. स्लोगन हे घोषवाक्य, त्याला कुणाचा तरी प्रचार करायचा असतो. सेइंग सैल शब्द आहे, तुमच्या वहीला तोच बरा. गंमत म्हणजे 'से'पासून 'सेइंग' तशी 'म्हणणे'पासून 'म्हण'.

एक सावधगिरी. २००० साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपरिचित वचने वाचायला दिली. 'वोज युनाइट फोज', म्हणजे संकटे वैऱ्यांना एकत्र आणतात, हे 'वोज युनाइट एनिमीज'पेक्षा लोकांना जास्त खरे वाटले. अर्थ तोच, फक्त यमक गेलेले. तेव्हा वाक्य कानाला गोड लागले की अर्थ पुन्हा एकदा तपासा. 'स्पीकिंग'ला 'सीकिंग' जोडले तर यमक चोख जुळेल, पण शोधायचे काय, ते कुणी सांगावे!

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. तिसरे वाक्य वहीत परत घेतले आणि 'यू विल'चे 'यू'ल' केले, म्हणजे तीन ठोके पडतात : वर्ड, वर्ड, हर्ड. पहिले सोडून दिले. दुसरे असे बदलले :

टेक अ पेन, ट्राय अगेन.

हे चालेल का?

उत्तर

पळेल! 'अगेन'चे दोन उच्चार आहेत. एक लेखणीच्या 'पेन'शी जुळणारा, दुसरा 'गेन'शी. पहिला जास्त ऐकू येतो, तोच धरा. दुसरा धरलात तर हातात लेखणीऐवजी वेदना येईल.