प्रतिसाद: पूलला वास येतोय म्हणून क्लोरीन कमी करू नका
डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो म्हणून सोसायटीच्या पूलमधलं क्लोरीन कमी करायला सांगा असं वर सुचवलंय, पण कृपा करून तसं करू नका, बहुतेक वेळा प्रकार उलटाच असतो, कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं. तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे घाम-लघवीशी संयोग होऊन निकामी झालेल्या क्लोरीनचा. पाणी तपासायचं, पिवळा रंग येणारं ओटीओ किट फक्त टोटल (कामाचं आणि निकामी मिळून) क्लोरीन दाखवतं, त्यामुळे ऑपरेटर निर्धास्त राहतो. गुलाबी रंगाचं डीपीडी किट मागा, त्यात फ्री (अजून कामाचं) आणि टोटल वेगळं कळतं, दोन्हीतला फरक म्हणजे हे क्लोरामाइन. फरक वाढला की रात्री पूल बंद ठेवून शॉक डोस, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन, त्या फरकाच्या साधारण दहापट. आणि आधी पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ७.२ ते ७.८ मध्ये आणा, ८ ला गेला तर फ्री क्लोरीनपैकी जेमतेम पाव हिस्साच जोमाने जंतू मारतो. लहान मुलं उतरतात हो त्या पाण्यात!