मदत हवी आहे: कॉकर स्पॅनिएलचा दुसरा डोळा वाचवायचा आहे

अमेरिकन कॉकर, मादी, 7 वर्षं, 11 किलो. उजव्या डोळ्यात कोन (डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट) बंद होऊन काचबिंदू झाला: डोळा निळसर, बाहुली पसरलेली, डोळ्यातला दाब 52 मिमी पारा. नजर गेली. डाव्याचा दाब आज 17 आहे, पण या जातीत दोष आनुवंशिक, त्यामुळे त्यालाही धोका मोठा आहे. लेन्स जागेवर आहे, आत सूज किंवा मोतीबिंदू नाही, म्हणजे दुय्यम कारण (डोळ्याचा दुसरा आजार) नाही.

डाव्यात टिमोलॉल 0.5% (दाब कमी करणारे थेंब) दिवसातून दोनदा चालू आहे (हृदय, फुप्फुसं तपासूनच). गळ्यावर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून पट्टा काढून हार्नेस लावलाय. अचानक दाब चढला तर लॅटानोप्रोस्ट (दाब पटकन उतरवणारे थेंब) घरात आहे. डीएनए चाचणी कृपया सुचवू नका. बीगल जातीची एडीएएमटीएस10 या जनुकाची चाचणी उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे, इथे उपयोगाची नाही.

दाब मोजायला न्यायचं तर सकाळीच न्यावं का, आणि किती आठवड्यांनी? डॉरझोलामाइड (दाब कमी करणारे दुसरे थेंब) आत्ताच जोडावं की दाब वाढेपर्यंत थांबावं? आणि सर्वांत महत्त्वाचं, पुण्या-मुंबईत कुत्र्यांची गोनिओस्कोपी (डोळ्यातल्या कोनाची तपासणी) नेमकी कुठे होते?