ज्याँ द फ्लोरेत: प्रोव्हान्स खरंच एवढं कोरडं आहे का?

रानवाटा:
'ज्याँ द फ्लोरेत' आणि लगोलग 'मानों दे सूर्स' पाहिले, १९८६ चे फ्रेंच सिनेमे, क्लोद बेरीचे. डोक्यातून जातच नाहीयेत. झरा सिमेंटने बुजवून टाकलाय, गावात कितीतरी जणांना तिथे झरा होता हे माहितीये आणि सगळे चिडीचूप, आणि तिथे शेती करायला आलेला ज्याँ (देपार्दियने काय काम केलंय!) मरमर करत लांबून पाणी वाहतोय. माझ्या डोळ्यासमोर दक्षिण फ्रान्समधला प्रोव्हान्स म्हणजे लॅव्हेंडरची शेतं. ही पाणीटंचाई खरी की गोष्टीपुरती? शूटिंग तिथलंच का?

खडकवेडा:
अगदी खरी. मार्सेयजवळच्या ओबान्यच्या मागे गार्लाबाँचा डोंगर आहे, गोष्ट त्या भागातली. सगळा चुनखडीचा खडक. उन्हाळा जवळपास कोरडा जातो, पाऊस येतो तो शरदात आणि आला की धो धो, पण पाणी भेगांतून थेट आत उतरतं त्यामुळे वर ओढे टिकत नाहीत आणि भलत्याच ठिकाणी झरा फुटतो. म्हणून तिथे जमिनीपेक्षा झरा मोलाचा.
(दुसरा भाग बघायचा असेल तर पुढचं वाचू नका) ज्याँची मुलगी मानों गुहेत शिरून पाणी अडवते आणि खाली गावातलं कारंजं आटतं, ते मला अजिबात अतर्क्य वाटलं नाही, चुनखडीत पाणी असंच आतल्या आत वाहतं.

जुना_प्रेक्षक:
लेखक मार्सेल पान्योल, जन्म १८९५, ओबान्यचाच. लहानपणी सुट्टीत याच डोंगरात हिंडलेला माणूस. गंमत म्हणजे सिनेमा आधी आला, १९५२ ला त्याने स्वतःच 'मानों' केला, ला त्रेय गावाच्या आसपास, आणि कादंबरी त्यानंतर लिहिली. बेरीने मात्र बरंचसं शूटिंग उत्तरेला ल्युबेराँ डोंगररांगेच्या बाजूला केलं, मिराबो, वोजीन वगैरे. वोजीनचं चर्च सिनेमात आहे. म्हणजे प्रोव्हान्सच, पण गोष्टीतले डोंगर नाहीत.

रानवाटा:
वा, धन्यवाद दोघांनाही! मग ज्याँचं चुकलं कुठे? तो तर पावसाचे आकडे मांडून हिशोब करून आला होता.

खडकवेडा:
तिथेच तर घात झाला. त्याने सरासरी धरली. भूमध्य समुद्राकाठी वर्षाचा पाऊस सरासरीइतका झाला तरी तो थोड्याच दिवसांत पडून जातो, आणि त्याने लावलेल्या भोपळ्याच्या वेलाला पाणी लागतं ऐन उन्हाळ्यात. त्या सीनमध्ये पलीकडच्या डोंगरावर गडगडाट होतो, पाऊस तिकडेच पडतो आणि हा आभाळाकडे बघून ओरडतो, तिथे मला पुढे बघवेना. झरा बुजवणाऱ्या शेजाऱ्याला, युगोलँला, कार्नेशन लावायची असतात, त्या फुलांनाही पाणी लागतंच, म्हणून तर त्याचा झऱ्यावर डोळा.

जुना_प्रेक्षक:
१९५२ चा मिळाला तर जरूर बघा, बराच लांबलचक आहे पण डोंगर खरे गार्लाबाँकडचे आहेत.