काकांचा कलासंग्रह लिलावात द्यावा का?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार. माझे काका महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवत असत आणि निवृत्तीनंतरही अखेरपर्यंत लघुचित्रांवर लिहीत राहिले. मृत्युपत्रानुसार त्यांचा संग्रह आम्हा तीन भावंडांकडे आला आहे. त्यात बुऱ्हाणपूर आणि माळव्याकडची म्हणून त्यांनी नोंदवलेली रागमालेची (राग-रागिण्यांच्या चित्रमालिकेची) सुटी पाने, पितळी मूर्ती, देवांचे चांदीचे जुने टाक, रविवर्मा छापखान्याची चित्रे आणि चित्रकारांनी त्यांना भेट दिलेली रेखाटने आहेत. यांखेरीज दोन कपाटे भरून पत्रे आणि टिपणे आहेत. घर आता बंदच असते. आपल्याकडचा उन्हाळा येथे कोणाला सांगायला नको. शिवाय गेल्या पावसाळ्यात एका कपाटाच्या तळाशी वाळवी दिसली.

मुंबईच्या एका लिलावगृहाचे प्रतिनिधी येऊन गेले. त्यांनी मोजकी चित्रे बाजूला काढली आणि उरलेल्यात रस नसल्याचे स्पष्ट सांगितले. धाकट्या भावाला विक्री हवी आहे, अमेरिकेतील बहिणीला आठवण म्हणून रागमालेचे एक पान सोबत न्यायचे आहे, आणि मला मात्र संग्रहातले वेचक तेवढे कोणी उचलून न्यावे हे पटत नाही. लिलाव करावाच का, आणि करायचा ठरला तर आधी काय करावे?

जुनी पाने, पुणे

मी काही वर्षे लिलावाच्या सूची तयार करण्याचे काम केले आहे, म्हणून व्यवहाराच्या बाजूने लिहितो. काहीही घराबाहेर जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे पुढून आणि मागून छायाचित्र घ्या, तिला क्रमांक द्या आणि काकांच्या टिपणांत तिचा उल्लेख कोठे आहे ते शोधा. अभ्यासकाच्या संग्रहात चित्राची पाठ चित्राइतकीच बोलते. अशाच एका पानामागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘बुऱ्हाणपूर, ४० रु., जोडीचे पान मिळाले नाही’ एवढेच लिहिलेले मी पाहिले आहे, आणि चौकट बदलणारा कारागीर तो पुठ्ठा रद्दीत टाकण्याच्या बेतात होता. वस्तू कोठून आली, केव्हा आली आणि मधल्या काळात कोणाकडे होती, हे गंभीर खरेदीदार किमतीच्याही आधी विचारतो. त्याचे उत्तर तुमच्या त्या दोन कपाटांत आहे. ती उघडण्यापूर्वी निवडलेली चित्रे देऊन टाकली, तर तुम्ही स्वतःच त्यांची किंमत पाडाल.

दुसरे असे की, कला-इतिहासकार केवळ उत्तम वस्तू जमवत नाही. तुलनेसाठी तो फाटकी पाने, मागाहून रंग भरलेली चित्रे, क्वचित उघड उघड नकलाही जपून ठेवतो. त्यामुळे काकांकडे होते म्हणजे अस्सलच, असे धरून चालू नका, आणि लिलावगृहाने नाकारले म्हणजे टाकाऊ, असेही नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती असतील तर विशेष जपून पाहा. ग्रिफिथ्स यांच्या अजिंठ्यावरील १८९६-९७ च्या ग्रंथातील सुटे छापील पान काचेत बसवले, की ते हाताने केलेली प्रत वाटू शकते. (प्रत्यक्ष हाताने केलेल्या प्रतींचे नशीब वाईटच होते. अजिंठ्याच्या प्रती करणाऱ्या रॉबर्ट गिल या चित्रकाराच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल स्वतः आपल्या भुसावळलाच चिरविश्रांती घेत आहेत.)

करार करताना राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती), विक्रेत्याकडून घेतले जाणारे कमिशन, विमा, वाहतूक आणि माल न विकला गेल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे सर्व लेखी घ्या. वर्तमानपत्रात येणाऱ्या आकड्यात बहुधा खरेदीदाराने बोलीवर भरलेला अधिभारही धरलेला असतो. तेवढी रक्कम आपल्या हातात पडेल असे भावाने समजू नये.

पांझरा, धुळे

वरील सल्ला उत्तम आहे, पण तो लिलाव होणारच असे गृहीत धरतो. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींचा संग्रह १९१७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या संग्रहालयाकडे गेला आणि त्यामागोमाग ते स्वतःही तेथे अभिरक्षक म्हणून गेले. वस्तू आणि त्यांचा जाणकार एकाच छपराखाली राहिले. कला-अभ्यासक कार्ल खंडालावाला यांचा संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांच्या नावाने पाहता येतो. एवढे लांब कशाला, चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस १९८९ मध्ये गेले, तरी त्यांच्या कलाकृती त्यांच्याच घरी पाहायला मिळतात.

अर्थात संस्थेला दिले म्हणजे सुटलो, असेही नाही. अटी न घालता दिलेल्या पेट्या वर्षानुवर्षे न उघडता पडून राहिल्याचे आपल्या भागात अनेकांनी पाहिले आहे. म्हणून दानपत्रात यादी, नोंदणीची मुदत आणि अभ्यासकांना पाहण्याची सोय या गोष्टी लिहून घ्या. भावाला पैसा हवा असेल तर तेही गैर नाही. भेट मिळालेली रेखाटने आणि काही पाने विकावीत. टिपणे, पत्रे आणि अभ्यासासाठी जमवलेली ‘दुय्यम’ चित्रे मात्र एकगठ्ठा एकाच संस्थेला द्यावीत. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागदपत्रे सांभाळत आले आहे. तेथे विचारून पाहायला हरकत नाही. विकलेल्या वस्तूंची छायाचित्रे त्या टिपणांसोबत ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला धागा सापडेल.

एक विनंती: टाक सराफाकडे नेऊ नका. जळगावात वजनावर भाव लगेच मिळेल, आणि कोणत्या घराण्याचा, कोणत्या देवाचा टाक ही माहिती आटणीत जाईल.

वाघूर, नाशिक

बहिणीच्या पानाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे चित्र किंवा मूर्ती हा पुरावशेष ठरतो; हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग तो विकत घेतलेला असो की वारशाने आलेला. पान जुने नसल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेऊन मगच विमानतळावर जावे. देशांतर्गत विक्रीला बंदी नाही, परंतु नोंदणीस पात्र वस्तूंची नोंदणी झालेली असावी आणि मालकी बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. काकांनी नोंदणी केली असेल तर प्रमाणपत्रे त्याच कपाटांत असतील.

कराचे म्हणाल तर चित्रे आणि शिल्पे घरगुती वापराच्या वस्तूंच्या सवलतीत बसत नाहीत. विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागतो. खरेदीची किंमत काकांचीच धरली जाते, आणि २००१ पूर्वीची खरेदी असल्यास १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य धरण्याची मुभा आहे. वर आलेल्या ४० रुपयांच्या पानासारख्या जुन्या खरेदीच्या बाबतीत हा फरक फार मोठा पडेल, म्हणून मूल्यांकन लेखी घ्या. पत्रे छापायची झाल्यास कागद तुमचा असला तरी मजकुराचे हक्क ते लिहिणाऱ्याचे किंवा त्याच्या वारसांचे असतात.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचा आभारी आहे. लिलावगृहाला तूर्त थांबण्यास कळवले आहे आणि बहिणीलाही समजावले आहे. तिला त्या पानाचे चांगले छायाचित्र चालेल. यादीचे काम दिवाळीत तिघे मिळून करू. तोवर वाळवीच्या कपाटातल्या कागदांवर औषध फवारले तर चालेल का?

जुनी पाने, पुणे

कागदावर अजिबात फवारू नका. कागद बाहेर काढून मऊ कुंचल्याने माती झटका, कोरड्या आणि हवेशीर खोलीत भिंतीपासून दूर टेबलावर ठेवा, आणि औषध रिकाम्या कपाटाला व भिंतीला करून घ्या. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि पाने ज्या क्रमाने ठेवलेली सापडतील तो क्रम मोडू नका. तो काकांनी लावलेला असू शकतो.