अनुभव धागा: तुमचं मूल चेसच्या स्पर्धा खेळतं का? हॉलच्या बाहेरचं लिहा

लेक नऊ वर्षांची, आत्ता आत्ता रेटेड टूर्नामेंट (जिच्यात खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, हलतं) खेळायला लागलीये. मला स्वतःला घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही कळत नाही, त्यामुळे ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) कुठलं नि कोच कसा हवा हे नकोय, ते कुठेही मिळतं. पोरगं आत असताना आणि बाहेर आल्यावर तुम्ही काय करता, काय मुद्दाम करत नाही ते सांगा. मोठं लिहिलंत तरी चालेल.
(अडीच घरं)

*

पहिला मान माझा. आमच्याकडे एकच नियम, दारातून बाहेर आला की "काय झालं?" विचारायचं नाही. पाण्याची बाटली द्यायची, बॅग घ्यायची, चालायला लागायचं. सांगायचं असेल तर तो पाच मिनिटांत स्वतःच सांगतो. आणि दोन राऊंडच्या मधल्या वेळेत डाव मोबाईलमध्ये टाकून इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) लावायचं नाही म्हणजे नाही. मी बघतो ना, बाहेर बाकावर बाप स्क्रीन दाखवत असतो, "हे बघ, अठराव्या चालीला जिंकत होतास!", आणि पोरगं खाली मान घालून बसलेलं, अर्ध्या तासात पुढचा डाव. त्याला काय मिळालं त्यातून? इंजिन चूक कुठे झाली ते दाखवतं, त्या वेळी पोराच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला कुठे माहीत असतं. आम्ही घरी आल्यावर पट मांडतो, आधी तो बोलतो, "इथे मला वाटलं उंट अडकेल", मग शेवटी इंजिन. जगज्जेता झालेल्या गुकेशलासुद्धा त्याचे कोच विष्णू प्रसन्ना यांनी लहानपणी मुद्दाम इंजिनपासून लांब ठेवलं होतं.
(घोडेमामा)

*

घोडेमामा, तुमचा नियम आमच्याकडे अजिबात चालणार नाही. माझ्या लेकीला बाहेर आल्या आल्या सगळं ओकून टाकायचं असतं, अख्खा डाव चालीचालीने, मला शष्प कळत नसतं तरी मी हं हं करते. गप्प बसवलं तर उलट चिडते. म्हणजे मूल बघून ठरवा. इंजिनचं मात्र शंभर टक्के मान्य.
(हं हं आई)

*

मी रेटिंगवर लिहितो कारण सगळ्यात जास्त घरं त्यानेच हलतात. गणित एकदा समजून घ्या म्हणजे अर्धी काळजी जाईल. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या खाली रेटिंग असलेल्या मुलांचा के फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो, म्हणजे बरोबरीच्या रेटिंगवाल्याकडून हरलं की थेट २० पॉइंट जातात आणि जिंकलं की २० येतात, २०० ने कमी असलेल्याकडून हरलं तर साधारण ३०. प्रस्थापित मोठ्या खेळाडूचा के २० असतो नि २४०० गाठलं की १०, त्यांचं रेटिंग हळू हलतं. त्यामुळे पोराचं एका वीकेंडला शंभर पॉइंट पडलं तर आकाश कोसळलेलं नाही, ते वर जातानाही तसंच जातं. दर महिन्याच्या एक तारखेला यादी येते, त्या दिवशी घरात सुतक पाळणारे पालक मी पाहिलेत! अजून एक, जुन्या आकड्यांशी तुलना करू नका. मार्च २०२४ मध्ये फिडेने (चेसची जागतिक संघटना) रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालच्या सगळ्यांचं वर ढकललं, १२०० वाला रातोरात १५२० झाला. त्या महिन्यात "आमच्याने ३०० मारले" सांगणारे पण भेटले, असो.
(के-चाळीस)

*

मी पालक नाही, पण लहानपणी बरीच वर्षं खेळलेय म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. मुलांना सगळं दिसतं. हॉलच्या काचेतून डोकावणारा चेहरा दिसतो, तो कधी उजळतो तेही दिसतं. मोठ्या रेटिंगवाल्याशी बरोबरी झाली की घरचे खूश व्हायचे, मग मी काय शिकले, तर पोझिशन चांगली असतानाही पंधराव्या चालीला ड्रॉ ऑफर करायला. समोरचा हो म्हणायचा कारण त्याला माझी पोझिशन कळत असायची, मला नाही! एंडगेम (पटावर मोजकी मोहरी उरल्यावरचा खेळ) खेळायचीच वेळ यायची नाही त्यामुळे तो कच्चाच राहिला. आणि रेटिंग चांगलं झालं की ते सांभाळायला स्पर्धाच टाळायच्या, हे तर घरोघरी चालतं. तुम्हाला कौतुक करायचंच असेल तर विचारा की आज सगळ्यात जास्त वेळ कुठल्या चालीवर विचार केलास. निकाल न विचारता त्याचं उत्तर मिळतं, आणि मूल रंगून सांगतं.
(मोहरा)

*

आर्बिटर (स्पर्धेतला पंच) म्हणून काम करतो. विनंती एवढीच की पोरांना ओपनिंगच्या दहा चाली कमी शिकवा पण हात वर करायला शिकवा. आर्बिटरला बोलवायला घड्याळ थांबवता येतं हे बऱ्याच लहान मुलांना माहीतच नसतं. समोरच्याने बेकायदा चाल केली तरी घाबरून खेळत राहतात. पहिल्या बेकायदा चालीला ती न करणाऱ्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसरीला साधारणपणे करणाऱ्याचा डाव जातो. प्यादं शेवटच्या घरात गेलं आणि जादा वजीर हाताशी नाही, मग पोरं काय करतात, हत्ती उलटा ठेवतात नि वजीर म्हणून खेळतात. नियमाने तो हत्तीच! घड्याळ थांबवा, वजीर मागा, आम्ही आणून देतो. तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल नि बरोबरी मागायची असेल तर चाल आधी लिहायची, पटावर करायची नाही, आणि आम्हाला सांगायचं.

सगळ्यात वाईट वाटतं ते सहीचं. जिंकलेलं मूल गडबडीत चुकीच्या निकालावर सही करतं, आणि आर्बिटरने वेगळं काही ठरवलं नाही तर सही केलेला निकालच धरला जातो. मग आई-बाबा टेबलाशी येऊन भांडतात. सही करण्याआधी मोठ्याने वाच, एवढं घरी घोकून घ्या. आणि मोबाईल तुमच्याकडेच ठेवा, बॅगेत बंद करून पण हॉलमध्ये नको. खेळताना मुलाकडे सापडला तर डाव जाऊ शकतो.
(काळं घड्याळ)

*

धाकट्या भावंडाचा कुणी विचार केलाय का? ताई आत, हा चार तास कॉरिडॉरमध्ये. आता आम्ही दोघांपैकी एकच जातो, दुसरा धाकट्याला घेऊन भलतीकडे.
(दोन पोरांचा बाप)

*

आमच्या मुलाने चौदाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या. नातेवाईक अजून हळहळतात, एवढी मेहनत वाया गेली म्हणून. मला ते पटत नाही. शाळा, क्लास आणि क्लासिकल (तासन्‌तास चालणारे) डाव असं सगळं एकत्र झेपत नव्हतं आणि डावाच्या आदल्या रात्री झोप उडायला लागली होती, त्यानेच सांगितलं, आम्ही ऐकलं. अजून मित्रांशी ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळतो, आरडाओरडा करत. फक्त एक लक्षात ठेवा, लागोपाठ हरल्यावर लगेच "सोडू का?" म्हणालं तर त्या दिवशी ठरवू नका, पण महिनोन्‌महिने तेच म्हणत असेल तर ते ऐकाच.
(बाजूची खुर्ची)

*

सगळ्यांचे आभार, सहीचं आजच सांगते तिला. एक बावळट प्रश्न: गेल्या वेळी पहिल्याच राऊंडला तिला पाचशेने जास्त रेटिंगवाला आला आणि दुसऱ्याला एकदम नवखी मुलगी. हे पेअरिंग कुणी मुद्दाम करतं का?
(अडीच घरं)

*

नाही हो, स्विस पद्धत आहे. सगळ्यांची रेटिंगने यादी लावतात, मधून दोन भाग करतात, पहिल्या राऊंडला वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, असं. म्हणून खालच्या भागातल्या मुलाला सुरुवातीलाच तगडा येतो, हरला की पुढे शून्य गुणवाल्यांत सोपा, जिंकला की परत तगडा. तिसऱ्या-चौथ्या राऊंडपर्यंत झोके असेच असतात, खरे तुल्यबळ डाव त्यानंतर सुरू होतात. तेव्हा पहिल्या दोन निकालांवरून टूर्नामेंट कशी चाललीये ते ठरवू नका. आणि मध्ये कुठे लग्नकार्य वगैरे असेल तर अर्ध्या गुणाचा बाय (तो राऊंड न खेळता अर्धा गुण) मिळतो का ते स्पर्धा सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा, कितव्या राऊंडपर्यंत मिळेल ते प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं असतं.
(के-चाळीस)