युफोनियमला ट्रेबल क्लेफ की बास क्लेफ?

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, इथं सांगलीत शाळेच्या बँडमध्ये तिला यंदा युफोनियम दिलंय, ते फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. आता एकाच गाण्याची दोन पानं आलीत, एकावर ट्रेबल क्लेफ आणि शार्प-फ्लॅट (सूर अर्धा वर-खाली करायच्या खुणा) काहीच नाही, दुसऱ्यावर बास क्लेफ आणि दोन फ्लॅट. ती आधी कीबोर्ड शिकलीय म्हणून ट्रेबल वाचते, पण त्या पानावरचा सी वाजवला की कीबोर्डच्या सी शी जुळतच नाही. मी हार्मोनियम शिकलेय, सारेगमवाली. वाद्य बिघडलंय का? आणि पान कुठलं धरायचं?

जुना_बँडवाला:
वाद्य ठणठणीत आहे ताई. क्लेफ म्हणजे पाच रेघांपैकी कुठल्या रेघेवर कुठला सूर हे सांगणारी खूण, बाकी काही नाही. ट्रेबलचं वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं, ती रेघ जी. बासचे दोन ठिपके वरून दुसऱ्या रेघेच्या वर-खाली असतात, ती एफ.
आता युफोनियमचं बघा, एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता जे सूर निघतात त्यातला मूळ सूर बी फ्लॅट, तुमच्या पेटीच्या भाषेत काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. बासच्या पानावर तो जसा वाजतो तसाच लिहितात, खालून दुसऱ्या रेघेवर, म्हणून ते दोन फ्लॅट. ट्रेबलच्या पानावर त्यालाच सी म्हणतात, म्हणजे काळी पाचला सा धरलाय, आणि शिवाय ऐकू येतो तो आणखी एक सप्तक खाली. ही ब्रिटिश ब्रास बँडची पद्धत, तिथं कॉर्नेटपासून (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) मोठ्या ट्युबापर्यंत जवळपास सगळे ट्रेबलच वाचतात, बास ट्रॉम्बोन तेवढा वेगळा. पानावरचा सूर तोच तर बोटंही तीच, त्यामुळं कॉर्नेटवाल्याच्या हातात उद्या युफोनियम दिलं तरी अडत नाही. फार हुशारीचं काम आहे हे.

विश्रामबागवाली:
आत्ता पेटी काढून बघितलं, तिच्या सी ला काळी पाच बरोब्बर लागते! मग ट्रेबलच चालू ठेवू का?

मिरज_तंबोरा:
आत्ता ट्रेबल, बँडचे सर म्हणतील तसं. पण बास पण शिकवाच, पुढं ऑर्केस्ट्रात वाजवायचं झालं तर ट्रॉम्बोन, ट्युबा, चेलो (व्हायोलिनचा मोठा भाऊ), बासून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) सगळे बासमध्येच. व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ट्रेबलवाले, त्यात क्लॅरिनेट-सॅक्सोफोनचा सी पण कीबोर्डशी जुळत नाही, तेच कारण. व्हायोला मात्र व्हायोलिनसारखंच पण मधल्या पट्टीतलं वाद्य, ट्रेबलमध्ये लिहिलं तर खाली जादा रेघाच रेघा माराव्या लागतात, म्हणून त्याला आल्टो क्लेफ, त्यात मधली रेघ म्हणजे पियानोचा मधला सी. चेलो, ट्रॉम्बोन फार वर गेले की टेनर क्लेफ येतो, तोच सी एक रेघ वर सरकलेला.
आपल्या शास्त्रीय संगीताच्या भातखंडे लिपीत मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब दिलं की भागतं, कारण सा कुठला हे गाणारा ठरवतो. तिकडं सूर ठरलेला, म्हणून खूण लागते.
कीबोर्ड घरात आहेच ना, मग डाव्या हाताची ओळ वाचायला लावा, ती बास क्लेफच असते. रोज चार ओळी वाचल्या तरी पुष्कळ.