लढाईच्या नियमांमध्ये पुढे काय बदललेलं बघायचंय? (डी अँड डी आणि बाकीचे पण)

ढालवाला

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी, फासे टाकून आपापलं कॅरेक्टर खेळायचा टेबलावरचा गेम) २०२४ ची पुस्तकं आमच्या ग्रुपमध्ये आता चांगली रुळलीयेत आणि वेपन मास्टरीवर (प्रत्येक हत्याराची खास करामत) मी मनापासून खूश आहे, फाइटरने कुठलं हत्यार घेतलंय याने आता खरंच फरक पडतो, कुऱ्हाडीने टॉपल करून समोरच्याला आडवा पाडता येतं, मोठ्या तलवारीला ग्रेझ असतं त्यामुळे वार चुकला तरी थोडं डॅमेज जातंच. पण लढाईचा सांगाडा अजून २०१४ चाच आहे. इनिशिएटिव्ह (कोण आधी ते ठरवणारा फासा) टाका, रांगेत थांबा, आपली टर्न आली की अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, हालचाल आणि परत रांगेत. पाच प्लेअर आणि डीएम (गेम चालवणारा, शत्रू खेळणारा), प्रत्येकाने नुसती दोन-दोन मिनिटं घेतली तरी मधे दहा मिनिटं जातात आणि एवढं थांबून फासा टाकावा तर वार हुकतो. पहिल्या लेव्हलला आपल्या फाशात +५ मिळवायचे आणि गॉब्लिनचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, म्हणजे १० च्या खाली काहीही आलं की टर्न फुकट, वीसातल्या नऊ आकड्यांवर.

मला सगळ्यात जास्त हे हवंय की दुसऱ्याच्या टर्नमध्ये मला काहीतरी करायला मिळावं. रिअ‍ॅक्शन आहे म्हणा, पण राउंडला एकच, आणि बऱ्याच कॅरेक्टरना ती अपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रू आपल्यापासून लांब जायला लागला की मिळणारा जादा वार) सोडून कशालाच वापरता येत नाही, आणि तो अटॅक मिळतच नाही कारण त्याच्याच भीतीने कोणी जागचं हलत नाही. दोन राउंडनंतर सगळे एकमेकांना चिकटून उभे आणि नुसते एचपी (किती जीव उरलाय तो आकडा) कमी होतायत. नवीन नियम येतील तेव्हा येतील, पण तुम्हाला काय हवंय? दुसऱ्या कुठल्या गेममधून काय उचलावं असं वाटतं?

निळा_फासा

अपॉर्च्युनिटी अटॅकबद्दल +१. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) हे फार छान सोडवलंय, तिथे तो अटॅक सगळ्यांना मिळतच नाही, फाइटरला पहिल्या लेव्हलपासून असतो, बाकी बऱ्याच क्लासना आणि मॉन्स्टरना नसतो. त्यामुळे लोक बिनधास्त पळतात, वळसा घालून मागे जातात, आणि समोर फाइटर उभा असेल तरच विचार करतात. फाइटर धोकादायक वाटायला पाहिजे तो असा.

दुसरं म्हणजे तीन अ‍ॅक्शन. अ‍ॅक्शन वेगळी, बोनस वेगळी, हालचाल वेगळी ही भानगडच नाही, टर्नला तीन मिळतात, काय करायचं ते करा. तीनदा वार केलात तर दुसऱ्याला -५ आणि तिसऱ्याला -१०, म्हणून तिसरी अ‍ॅक्शन माणूस आपसूक ढाल उचलायला, सरकायला किंवा समोरच्याला घाबरवायला वापरतो. आणि याचा एक फायदा ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही तो म्हणजे कोणी तुम्हाला स्लो केलं तर तीनातली एक जाते, दोन उरतात. आपल्याकडे पॅरलाइज झालात की अख्खी टर्न गेली, शेवटी सेव्ह (त्यातून सुटायचा फासा) टाकायचा, तो पण गेला की पुन्हा सगळ्यांचं होईपर्यंत बसून राहा. नवीन नियमांत एवढी एक गोष्ट बदलली तरी मला चालेल, खरंच.

गुहेतला_डीएम

मी बहुतेक वेळा पडद्याच्या मागे बसतो त्यामुळे तिकडून सांगतो. लढाई लांबते याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की निकाल तिसऱ्या राउंडला लागलेला असतो आणि आपण सहाव्यापर्यंत खेळत बसतो, आठ गॉब्लिनमधले पाच मेलेत, सरदार पडलाय, आणि उरलेले तीन अजून टेबलावर आहेत म्हणून एकेकाचे एचपी संपवायचे. जीव वाचवायचा सोडून असं कोण लढतं? डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक सेटमध्ये याला साधा उपाय होता, प्रत्येक मॉन्स्टरच्या माहितीत मोरालचा (हिमतीचा) आकडा असायचा, त्यांच्यातला पहिला मेला की एकदा आणि निम्मे पडले की परत एकदा दोन सहाचे फासे टाकायचे, आकड्याच्या वर गेलं की पळाले किंवा शरण आले. गॉब्लिनला ७ होता, म्हणजे ८ किंवा जास्त आलं की पळापळ. झालं, दहा सेकंदांचं काम आहे.

२०१४ च्या डीएम गाइडमध्ये पण पर्यायी नियम होता, विजडम सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १०. पण मॉन्स्टरच्या पानावर तो दिसत नाही म्हणून कोणी वापरत नाही आणि नवीन डीएमला तर माहीतच नसतो. मला तो आकडा एसी आणि एचपीच्या शेजारी छापलेला हवाय. एकदा का शत्रू पळायला लागले की सगळंच बदलतं, पाठलाग करायचा का, पकडून विचारपूस करायची का, एखादा निसटला तर पुढच्या खोलीतले सावध होणार. चौथ्या आवृत्तीतले मिनियन पण परत आणा, एक एचपीवाले, एक वार लागला की खलास. पंधरा जण अंगावर आले तरी हिशोब ठेवावा लागत नाही आणि विझर्डच्या फायरबॉलचं चीज होतं.

चेटकीण_१२

@ढालवाला, हुकण्याबद्दल थोडी असहमत. ड्रॉ स्टील नावाच्या गेममध्ये वार हुकतच नाही, दोन दहाचे फासे टाकायचे, ११ पर्यंत पहिली पायरी, १२ ते १६ दुसरी, १७ किंवा त्याच्या वर तिसरी, काहीतरी होतंच. ऐकायला मस्त वाटतं आणि चालतंही, पण तिथले एचपी, मॉन्स्टर, सगळं त्याच हिशोबाने बांधलंय. आपल्याकडे एसी नावाची गोष्ट आहे, पलाडिन जड चिलखत घालून उभा राहतो तो यासाठीच ना की शत्रूचे वार वाया जावेत? हुकणं काढलंत तर त्याची मजाच गेली. मला ग्रेझसारखं अजून हवंय, सगळ्या हत्यारांना नको, पण हुकल्यावर काहीतरी हलावं, शत्रू एक पाऊल मागे जावा, पुढच्या मित्राला थोडा फायदा मिळावा, डॅमेज नको.

ड्रॉ स्टीलमधून उचलायचंच असेल तर व्हिक्टरी उचला. न थांबता जेवढ्या लढाया जिंकाल तेवढी पुढच्या लढाईची सुरुवात जोरात होते, म्हणून ग्रुपला पुढे जावंसं वाटतं. आमच्याकडे विझर्ड पहिल्याच खोलीत मोठे स्पेल संपवतो आणि मग लाँग रेस्ट (मोठी विश्रांती, स्पेल परत मिळतात) घेऊया म्हणून मागे लागतो, आणि फाइटर बिचारा ताजातवाना उभा.

पहिलाच_फासा

मी नवीन आहे, डॅगरहार्ट नावाचा असाच गेम खेळून इकडे आलो. तिथे इनिशिएटिव्ह नाहीच, ज्याला सुचेल तो पुढे होतो, फासा फसला किंवा फिअरने पडला (दोन फाशांपैकी फिअरचा मोठा आला) की जीएमकडे (तिथला डीएम) जातं. वाट बघणं खूप कमी होतं हे खरं. पण आमच्यातली एक मुलगी शांत आहे, ती बोलायच्या आधी बाकीचे दोघं चार वेळा खेळून झालेले असायचे. मग आम्ही टोकन ठेवायचा पर्यायी नियम घेतला, तीन टोकन संपली की सगळ्यांची संपेपर्यंत थांबायचं, तेव्हा कुठे तिला जागा मिळाली. त्यामुळे रांग पूर्ण काढू नका असं मला वाटतं, लाजणाऱ्या माणसासाठी ती रांग फार मोठा आधार असते.

ढालवाला

@पहिलाच_फासा, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, थँक्स. मग रांग राहू दे, पण एका बाजूची मिळून एक करा, आधी सगळे प्लेअर, मग सगळे शत्रू, आपल्यात कोणी कधी जायचं ते आपण ठरवू आणि प्रत्येकाची एक टर्न पक्की. जुन्या बेसिकमध्ये बाजूला एक सहाचा फासा असंच होतं ना? भीती एवढीच की जी बाजू आधी जाईल ती पहिल्याच राउंडला समोरच्या विझर्डला झोपवेल.

@चेटकीण_१२, हुकल्यावर मित्राला फायदा, हे मला पटलं, त्याने दुसऱ्याच्या टर्नकडे लक्ष पण राहील.

गुहेतला_डीएम

हो, तसंच होतं, आणि ती भीती खरी आहे, खास करून पहिल्या लेव्हलला जेव्हा विझर्डचे जेमतेम आठ एचपी असतात. पहिल्या राउंडपुरतं अर्धं-अर्धं करून बघ, इनिशिएटिव्हमध्ये जे प्लेअर शत्रूच्या वर आले तेवढेच आधी जातील, मग सगळे शत्रू, मग सगळे प्लेअर आणि तिथून पुढे बाजूबाजूने. दोन-तीन लढाया खेळून इथे लिही, सोबत मोराल पण लाव, बाकी काही बदलू नकोस म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.